नळ सोडून रडणारे आम्ही दोघं (कॅन्सर, किमो आणि घरच्यांचं मन)

अबोली | मंगळवार, रात्री १२:४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते क्वचितच. आज झोप येत नाहीये म्हणून बसले. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

नवऱ्याला मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तिसरी स्टेज. ऑपरेशन झालं, आता किमो चालू आहे. दर चौदा दिवसांनी एक अशा बारा सायकल्स, त्यातल्या सहा झाल्या. रिपोर्ट ठीक आहेत, त्यावर सल्ला नकोय. विचारायचंय ते वेगळंच.

आमच्याकडे एक वही आहे. ताप, वजन, कोणती गोळी किती वाजता, उलट्या किती, मुंग्या कुठपर्यंत चढल्या, सगळं मी त्यात लिहिते. (गार वस्तूला हात लागला की त्याच्या बोटांत विजेचा झटका बसल्यासारखं होतं. फ्रिज उघडायलाही हातमोजा घालतो.) डॉक्टर वही बघून मला शाबासकी देतात. पण ज्याला रकानाच नाही असं बरंच काही घरात चाललंय.

परवा पहाटे जाग आली तर बाथरूमचा नळ धो धो चालू. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. दाराशी गेले तर आतून हुंदके. मी पाय न वाजवता परत आले आणि डोळे मिटून पडले. तो आला, मला झोपलेली समजून माझं पांघरूण सारखं केलं आणि कूस बदलली. खरं सांगायचं तर नळ सोडून रडायची युक्ती माझी आहे. तीन महिने मीच करतेय. म्हणजे त्यानेही कधीतरी दाराबाहेर उभं राहून ऐकलं असणार.

दिवसा आम्ही दोघंही अगदी मजेत. येणारा-जाणारा "पॉझिटिव्ह राहा" म्हणतो, आम्ही माना डोलावतो. पण किमोनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो असा काही खचतो की ओळखू येत नाही. आणि त्याच्या आधीचे दोन दिवस बरोबर उलटे. रात्र रात्र जागतो, कपाटं उपसून आवरतो, बडबडतो. मागच्या वेळी लेकावर इतका ओरडला की पोरगं थरथरायला लागलं. सोळा वर्षांच्या संसारात मी त्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

हे असंच असतं का? याबद्दल नेमकं कुणाशी बोलायचं? आणि आम्ही दोघांनी एकमेकांशी बोलायला सुरुवात कशी करायची?

अजून एक. लिहू की नको असं चाललंय. गेल्या आठवड्यात हॉस्पिटलच्या रांगेत उभी असताना मनात आलं, एकदाचं संपू दे हे. काय संपू दे, ते मी स्वतःला विचारलं नाही.

उंबरठा | मंगळवार, रात्री १:०५

वाचतेय गं. शेवटचा परिच्छेद लिहिलास ते बरं केलंस. तो विचार मलाही येऊन गेलाय, आणि आपण दोघी वाईट बायका नाही. उद्या सविस्तर लिहिते, आत्ता आईची औषधाची वेळ झाली.

सदाबहार | मंगळवार, सकाळी ६:२०

ताई, सगळा मनाचा खेळ आहे. मन खंबीर असेल तर रोग पळतो. रडण्याने प्रतिकारशक्ती घटते. घरात नकारात्मक बोलणं पूर्ण बंद करा. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून "मी बरा आहे" असं शंभर वेळा म्हणायला सांगा. अनुभवाचे बोल आहेत.

सुईदोरा | मंगळवार, सकाळी ९:१५

सदाबहार, माझी किमो चालू होती तेव्हा मला असे आरसे फार दाखवले गेले. त्याचा माझ्यावर झालेला परिणाम सांगते. एखाद्या दिवशी रडू आलं की आजारापेक्षा जास्त भीती रडण्याची वाटायची. आता मी रडले, म्हणजे गाठ वाढणार. म्हणजे आजार तर माझाच, वर तो वाढला तर दोषही माझाच.

अबोली, मी स्तनाच्या कॅन्सरमधून गेले, त्याला आता चार वर्षं झाली. "लढवय्यी" हा शब्द कुणी वापरला की अजून डोक्यात तिडीक जाते. मी काही लढले नाही. खुर्चीत पडून राहिले, औषध नळीतून आत गेलं.

तुझ्या प्रश्नात नाही, पण पुढे लागेल म्हणून एक सांगून ठेवते. माझी सगळ्यात वाईट अवस्था उपचार चालू असताना नव्हती, संपल्यावर होती. शेवटच्या दिवशी वॉर्डात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला, जो तो कामाला लागला. आणि मी एकटी. उपचार असतात तोवर कुणीतरी दर पंधरा दिवसांनी तुमच्याकडे बघत असतं, रक्त तपासत असतं. ते थांबलं की पाठ दुखली तरी कॅन्सर, खोकला आला तरी कॅन्सर. पुढच्या स्कॅनची तारीख आली की आठ दिवस आधी झोप उडायची. लोकांना कळायचंच नाही की आता बाईला काय झालं, बरी तर झाली! तेव्हा शेवटच्या सायकलनंतर तो जास्त खचला तर घाबरून जाऊ नकोस, आणि "आता कशाला रडतोस" असं कुणाला म्हणू देऊ नकोस.

मी शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो मनाचा नव्हताच. हार्मोनची गोळी कोणती चालू आहे? टॅमॉक्सिफेन म्हटल्यावर त्यांनी नैराश्याच्या दोन नेहमीच्या गोळ्या बाजूला ठेवल्या, पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन. टॅमॉक्सिफेनचं शरीरात ज्या रूपात काम होतं ते रूप यकृतातल्या एका एन्झाइममुळे तयार होतं, आणि या दोन गोळ्या नेमकं तेच एन्झाइम अडवतात. मला व्हेनलाफॅक्सिन दिलं. अंगातून वाफा निघायच्या, त्याही त्याने कमी झाल्या. सांगायचा मुद्दा, मनाच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा किमोची फाइल सोबत न्या. मैत्रिणीची उरलेली "डिप्रेशनची गोळी" घेऊ नका.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ३:३०

मी किमोच्या डे-केअर वॉर्डात नर्स आहे. नाव रात्रपाळी, ड्यूटी दिवसाची. असो.

अबोलीताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. आधी दोन दिवस झोप नाही, कपाटं आवरणं, चिडचिड. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम खाली. वहीत बघा बरं, उलटी होऊ नये म्हणून किमोच्या दिवशी आणि पुढचे एक-दोन दिवस डेक्सामेथासोन आहे का? नावात "डेक्सा" असेल.

ते स्टेरॉइड आहे. मळमळीवर फार चांगलं चालतं, म्हणून देतात. पण बऱ्याच जणांना त्याने झोप लागत नाही, अंगात वारं शिरल्यासारखं होतं, राग नाकावर येतो. आणि ते थांबलं की माणूस फुग्यातली हवा गेल्यासारखा बसतो. आमच्याकडे एक आजोबा यायचे, एरवी तोंडातून शब्द नाही. डेक्साच्या रात्री त्यांनी घरातली तिन्ही घड्याळं खोलून ठेवली होती. चौथ्या दिवशी ती जोडायला बसले आणि जमेना म्हणून रडले.

तुमच्या यजमानांचं सगळं दुःख औषधामुळे आहे असं मी म्हणत नाही. पण त्या चार दिवसांचा चढ-उतार औषधाचा असू शकतो. आपल्या मनाने गोळी अजिबात बंद करायची नाही. डॉक्टरांना सांगायचं. डोस सकाळी देता येतो, कधी कमी करता येतो, कधी मळमळीचं दुसरं औषध वापरता येतं. ते त्यांनी ठरवायचं. तुम्ही वहीत दोन रकाने वाढवा, झोप किती तास आणि मन कसं. डॉक्टर आकडे वाचतात हो, चेहरे वाचायला त्यांना वेळ कुठे असतो.

अबोली | मंगळवार, दुपारी ४:१०

आहे. डेक्सा आहे. तीन दिवस. रात्री जेवणानंतर देते मी.

माझ्या हाताने देते.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ४:१८

लिहून दिलंय तसंच दिलंत. त्यात तुमचं काहीही चुकलेलं नाही. उद्या फोन करून फक्त वेळेबद्दल विचारा.

चष्मेबहाद्दर | मंगळवार, रात्री १०:५०

मी मानसोपचारतज्ज्ञ. कामाचा बराच भाग कॅन्सर विभागात जातो. रात्रपाळींनी नेमकं सांगितलं आहे, ते पुन्हा लिहीत नाही. "कुणाशी बोलायचं" यावर लिहितो.

या शाखेला सायको-ऑन्कॉलॉजी म्हणतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये जिमी हॉलंड या बाईंनी १९७७ साली कॅन्सर रुग्णांसाठी मानसोपचाराचा स्वतंत्र विभाग उभा केला. त्याआधी रुग्णाच्या मनाचं काय चाललंय हे विचारायची पद्धतच नव्हती, कारण बऱ्याचदा त्याला आजाराचं नावच सांगत नसत. अमेरिकेत १९६१ साली डॉक्टरांना विचारलं तेव्हा सुमारे ९० टक्के म्हणाले, आम्ही शक्यतो सांगत नाही. १९७९ साली तोच प्रश्न विचारला तर ९७ टक्के म्हणाले, सांगणंच पसंत करतो. अठरा वर्षांत व्यवसाय उलटा फिरला.

आम्ही पहिल्यांदा वापरतो ती पट्टी अगदी साधी आहे. कागदावर थर्मामीटरचं चित्र, खाली ०, वर १०. गेल्या आठवड्यात, आज धरून, किती त्रास झाला? एका आकड्यावर खूण करायची. चार किंवा जास्त आलं तर पुढे बोलायचं. त्याला "डिस्ट्रेस" म्हणायचं हे मुद्दाम ठरवलेलं आहे, कारण "मानसिक आजार" म्हटलं की माणूस पळतो. हॉस्पिटलमधल्या कॅन्सर रुग्णांत नैराश्य, चिंता, जुळवून घेण्यातला त्रास यांपैकी काही ना काही साधारण ३० ते ४० टक्क्यांना असतं. म्हणजे तुमच्या रांगेतल्या दर तिघांतला एक. तो दिसत नाही, कारण तोही माना डोलावतो आहे.

समुपदेशक, सोशल वर्कर, मानसोपचारतज्ज्ञ, पॅलिएटिव्ह केअर टीम (दुखणं आणि त्रास कमी करणारी), जे असेल ते विचारा. आणि पॅलिएटिव्ह शब्दाला घाबरू नका, तो शेवटच्या आठवड्यासाठी राखीव नाही. फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवरचा २०१० सालचा अभ्यास आहे. ज्यांना सुरुवातीपासूनच नेहमीच्या उपचारांबरोबर ही सेवा मिळाली, त्यांच्यात नैराश्य कमी होतं.

सदाबहार यांच्यासाठी, रागावू नका. डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास २००७ साली आला. मन आनंदी असणं आणि जास्त जगणं यांत त्यांना काहीही नातं सापडलं नाही. १९८९ साली ८६ बायकांच्या एका अभ्यासात आधारगटात बसणाऱ्यांचं आयुष्य वाढल्याचं दिसलं होतं, जगभर गाजलं. २००१ साली २३५ जणींवर तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा आयुष्य वाढलं नाही. पण मनाचा त्रास आणि दुखणं कमी झालं, विशेषतः ज्यांना सुरुवातीला जास्त होतं त्यांचं. मला विचाराल तर गटात बसायला एवढं कारण पुरेसं आहे.

सदाबहार | बुधवार, सकाळी ६:१५

सगळं पटलं असं नाही. पण आरशाचा मुद्दा मागे घेतो.

उंबरठा | बुधवार, दुपारी १२:३०

काल म्हटलं होतं ते लिहिते. माझा प्रश्न उलटा आहे. आईला आम्ही सांगितलेलंच नाही. "पोटात गाठ आहे, औषधं चालू आहेत" एवढंच. भाऊ म्हणतो, कळलं तर ती हाय खाईल. तीन महिने फायली लपवतोय, फोन आला की गॅलरीत जाऊन बोलतोय. काल ती म्हणाली, "तुम्ही फार दमता रे माझ्यापायी लपवालपवी करून." आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. आता काय?

चष्मेबहाद्दर | बुधवार, दुपारी २:००

आता बहुतेक सांगण्यासारखं फार उरलं नाहीये. त्यांना ठाऊक आहे. तुम्हाला जपण्यासाठी त्या गप्प आहेत.

सांगायचं की नाही, असा प्रश्न करू नका. त्यांना विचारा. "तुला काय वाटतं, काय झालं असेल?" मग, "तुला सगळं जाणून घ्यायचंय, की आम्ही बघावं असं वाटतं?" "तुम्हीच बघा" म्हणाल्या तर तेही त्यांचंच उत्तर, त्याचा मान ठेवा. फक्त ते भावाने त्यांच्या वतीने देऊ नये. भावाला सोबत घेऊनच हे करा, नाहीतर घरात दुसरं भांडण उभं राहील.

रिकामी खुर्ची | बुधवार, रात्री ११:२०

वडिलांना जाऊन दोन वर्षं झाली. धागा वाचून ठरवलं की लिहायचं.

शेवटच्या महिन्यात एका रात्री ते मला ओळखेनात. चादरीवरचं काहीतरी चिमटीत पकडत होते, तिथे काहीच नव्हतं. मी हात धरला तर म्हणाले, "तू माझ्या पैशांवर टपलायस, मला माहीत आहे." आयुष्यात त्यांनी माझ्याशी कधी असं बोललेलं नव्हतं. मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो. मनात म्हटलं, हेच यांच्या पोटात होतं तर.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, डिलिरियम. मेंदू तात्पुरता गोंधळतो. संसर्ग, रक्तातलं सोडियम किंवा कॅल्शियम वरखाली होणं, दुखण्याची जड औषधं, लघवी तुंबणं, अगदी बद्धकोष्ठसुद्धा पुरतं. बऱ्याचदा कारण सापडलं की उतरतं. वडिलांना लघवीचा संसर्ग होता. चार दिवसांत ते ताळ्यावर आले, त्यांना काहीही आठवत नव्हतं.

मला मात्र ते वाक्य अजून आठवतं. कारण माहीत आहे तरी आठवतं. आपला माणूस एका रात्रीत बदलला, भलतंसलतं बोलू लागला तर स्वभाव समजू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी जिन्यात नाही, त्यांच्याजवळ बसलो असतो.

आणि अबोली, ते "संपू दे". वडील गेले तेव्हा पहिल्या तासात मला काय वाटलं सांगू? सुटलो. रडू दुसऱ्या दिवशी आलं. वर्षभर मी त्या "सुटलो"ची शिक्षा भोगली. मग एका समुपदेशकाने विचारलं, "वडिलांपासून सुटायचं होतं की त्या जागरणांपासून?" एवढंच विचारलं. मी खुर्चीतच ढासळलो.

सुईदोरा | गुरुवार, सकाळी ८:४०

रिकामी खुर्ची, _/\_

पाऊलवाट | गुरुवार, सकाळी १०:०५

मी बायकोचा केअरगिव्हर. (या शब्दाला मराठी सापडेना. "काळजीवाहू" म्हटलं की सरकार आठवतं.)

भेटायला येणाऱ्यांबद्दल लिहितो, कारण मला सगळ्यात जास्त त्यांनीच दमवलं. "काही लागलं तर सांग हं." अहो, काय लागतंय हे शोधून, शब्दांत मांडून, तुम्हाला फोन करायचं कामही माझ्याच डोक्यावर? एक शेजारी होता, त्याने कधीच असं म्हटलं नाही. म्हणाला, "दर शनिवारी ९ ते १२ मी वहिनींजवळ बसतो. तू झोप, नाहीतर रस्ताभर फिर." आठ महिने आला. बायकोशी फारसं बोलायचाही नाही, पेपर वाचत बसायचा. तिला तेच आवडायचं.

दुसरं. लोक माझ्याकडे येऊन स्वतःच रडायचे आणि मी त्यांची समजूत घालायचो. सुझन सिल्क नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१३ साली यावर एक चित्र मांडलं. मध्यभागी रुग्ण, त्याच्याभोवती जोडीदार, मग मुलं-भावंडं, मग मित्र, अशी वर्तुळं. आतल्या माणसाला फक्त आधार द्यायचा; स्वतःचं रडगाणं बाहेरच्या वर्तुळाकडे. मी ते कागदावर काढून फ्रिजला लावलं होतं. एक मामा वाचून रागावले, पुढच्या वेळी बाहेरच्या खोलीत माझ्या भावाजवळ रडले. पण चित्र काम करतं.

अबोली | गुरुवार, रात्री ११:५५

सगळ्यांचं वाचते आहे. एकेकाला उत्तर द्यायचं त्राण नाही, रागावू नका.

एक विचारायचं आहे, चष्मेबहाद्दर. आज तो म्हणाला, "माझ्याशिवाय तुमचं जास्त सुरळीत चालेल." सहज म्हणाल्यासारखं, टीव्ही बघताना. हे त्या औषधाचं आहे की...

चष्मेबहाद्दर | शुक्रवार, रात्री १२:१०

हे औषधाचं म्हणून सोडू नका. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का? काही ठरवलं आहेस का?" असे शब्द तोंडातून काढायला जड जातं, पण विचारल्याने कुणाच्या डोक्यात ती कल्पना शिरत नाही, उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. "मी ओझं झालोय" असं वाटणारे खूप असतात, त्यातल्या सगळ्यांना मरायचं नसतं. पण फरक विचारल्याशिवाय कळत नाही. "हो" म्हणाला, किंवा उत्तर टाळलं, तर त्याला एकटं सोडू नका आणि सकाळची वाट न बघता हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला फोन करा. तोवर दुखण्याच्या आणि झोपेच्या गोळ्या तुमच्या ताब्यात, कुलपात. "नाही" म्हणाला तरी उद्याच विभागात कळवा.

उद्या इथे एक ओळ टाका.

रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी ७:००

जागी आहे. अबोलीताई?

अबोली | शुक्रवार, दुपारी १:४५

आहे. आहोत.

रात्री विचारलं. दिवा बंद केल्यावर विचारलं, उजेडात जमलं नसतं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मरायचं नाहीये गं. पण तू वहीत माझी लघवी मोजतेस ना, तेव्हा मी तुझा नवरा आहे की पेशंट ते मला कळत नाही." मला काय उत्तर द्यायचं सुचलं नाही. मी म्हटलं, नळ सोडून रडायची कल्पना माझी होती. तर म्हणाला, "माहीत आहे. पाण्याचं बिल बघितलंस का?"

सकाळी विभागात फोन केला. सोमवारी दुपारी समुपदेशक भेटणार आहेत, आधी तो एकटा, मग मी. डेक्सा सकाळी द्यायला सांगितलं आहे, डोस सातव्या सायकलला ठरवतील.

सुईदोरा | शुक्रवार, दुपारी २:०२

पाण्याचं बिल!! माणूस जागेवर आहे तुझा.

उंबरठा | शुक्रवार, रात्री ९:३०

अबोली, लेकाशी बोललात का कुणी? त्या ओरडण्याबद्दल? आमच्या भाचीने सहा महिन्यांनी विचारलं होतं की "मी आजीशी भांडले म्हणून तिला झालं का?" मुलांच्या डोक्यात असलं काय काय असतं. माझ्यामुळे झालं का, मला होईल का, आता माझ्याकडे कोण बघणार. मोठी होत आलेली मुलंही हे तोंडाने विचारत नाहीत.

(आईला विचारलं. भाऊ शेजारी होता. ती म्हणाली, "नाव नका सांगू, पण खोटंही नका बोलू." तेवढ्यावर थांबलो आहोत.)

अबोली | नऊ दिवसांनी, रविवार, संध्याकाळी ६:२०

धागा खाली गेला होता, वर काढतेय.

सातवी झाली. डेक्सा दोनच दिवस, सकाळी. पहिल्या रात्री पाच तास झोपला. कपाटांना हात लावला नाही (एक अर्धं आवरायचं राहिलंय, ते तसंच आहे). चौथा दिवस वाईटच गेला, पण मी त्याला आधीच म्हटलं होतं की उद्या चौथा दिवस. तो म्हणाला, "मग उद्या कुणाला बोलावू नकोस." नाही बोलावलं.

लेकाला त्याने स्वतःच सांगितलं, त्या दिवशी औषध बोलत होतं, पण आवाज माझा होता, म्हणून सॉरी. पोरगं "बरं" म्हणून खेळायला गेलं. रात्री आमच्या खोलीत येऊन झोपलं, चौदा वर्षांचं धूड.

वहीत आता मोजमापं तो स्वतः लिहितो. मी फक्त गोळ्यांचं पान बघते. शेवटच्या पानावर त्याने ० ते १० ची पट्टी आखली आणि सहावर खूण केली. मग पेन माझ्याकडे दिलं. मी आठवर केली. तो बघतच राहिला. "माझ्याहून दोन जास्त?" म्हणाला.

समुपदेशक बाईंनी माझी वेगळी वेळ दिली आहे, बुधवारी. पाऊलवाट, माझी नणंद दर मंगळवारी दुपारी येऊन बसायला तयार झाली. पेपर वाचणारी नाही, बोलणारी आहे, पण चालेल.

रात्रपाळी ताई, एक विचारायचं राहिलं. आठव्या वेळी तो किमोच्या औषधाचा पंप लावून घरी येईल तेव्हा ४६ तास ती पिशवी कमरेलाच ठेवायची, की झोपताना उशीजवळ चालते? नळी ओढली जाईल म्हणून तो कूसच बदलत नाही.

रात्रपाळी | रविवार, संध्याकाळी ७:०५

उशीजवळ चालते. नळी अंगरख्याच्या आतून घ्या आणि पिशवी तो ज्या कुशीवर झोपतो त्या बाजूला ठेवा. पहिल्या रात्री दोनदा उठून बघाल, दुसऱ्या रात्री नाही बघणार.